स्वादुपिंडाच्या ऑपरेशननंतर रक्ताच्या तपासण्या: कोणती, कधी आणि रिपोर्ट कसा वाचायचा

स्वादुपिंडाचं ऑपरेशन होऊन पेशंट घरी आला की महिन्या-दीड महिन्यात घरचे लोक लॅबमध्ये जाऊन अमायलेज आणि लायपेज करून घेतात. दोन्ही नॉर्मल येतात, सगळ्यांना हायसं वाटतं. इकडे पेशंटचं वजन मात्र उतरतच असतं, कंबरेचा पट्टा आणखी एक भोक आत गेलेला असतो.

अमायलेज-लायपेज या इजा दाखवणाऱ्या तपासण्या आहेत. स्वादुपिंडाच्या पेशी दुखावल्या की ही एन्झाइम्स रक्तात उतरतात आणि आकडा चढतो. ग्रंथी पचनासाठी पुरेसं एन्झाइम बनवते का, हे त्यांवरून कळत नाही. ग्रंथीचा मोठा भाग काढलेला असेल, किंवा वर्षानुवर्षांच्या सुजेने ती आकसली असेल, तर सुटायला फारसं एन्झाइमच उरलेलं नसतं आणि आकडा निवांत नॉर्मलमध्ये बसतो. त्यामुळे हे दोन आकडे नॉर्मल आले म्हणून 'स्वादुपिंड व्यवस्थित आहे' असं समजू नका.

मग काय बघायचं? स्वादुपिंडाची कामं दोन. एक, इन्सुलिन (साखर खाली आणणारं) आणि ग्लुकागॉन (साखर वर ओढणारं) रक्तात सोडून साखर सांभाळणं. दुसरं, जेवणातली चरबी, प्रथिनं आणि पिष्ट फोडणारा रस आतड्यात सोडणं. पहिलं काम रक्तात बऱ्यापैकी थेट मोजता येतं. दुसऱ्याचं तसं नाही. तो रस आतड्यात जातो, म्हणून रक्तात त्याच्या कमतरतेचे परिणाम शोधावे लागतात: कुठलं जीवनसत्त्व घसरलं, कुठला क्षार कमी पडला. एका तपासणीत उत्तर मिळत नाही. चार-पाच आकडे शेजारी ठेवून, पेशंटच्या तक्रारी आणि वजन यांच्यासोबत वाचावे लागतात. खाली दिलेल्या मर्यादा सर्वसाधारण आहेत. प्रत्येक लॅबच्या रिपोर्टवर तिची स्वतःची मर्यादा छापलेली असते, तीच धरा, आणि औषधात बदल तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच करा.

पायरी १: कोणतं ऑपरेशन झालं, हे कागदावर बघा

'स्वादुपिंडाचं ऑपरेशन' एवढ्यावर कुठलाच रिपोर्ट वाचता येत नाही. डिस्चार्ज कार्ड काढा आणि काय काढलं, काय ठेवलं ते वाचा.

व्हिपल ऑपरेशन असेल (अ‍ॅलन व्हिपल यांनी ते १९३५ मध्ये मांडलं, म्हणून हे नाव), तर स्वादुपिंडाचं डोकं, लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग म्हणजे ड्युओडिनम, पित्ताशय आणि पित्तनळीचा खालचा भाग गेलेला असतो. काहींच्या जठराचाही तुकडा काढलेला असतो. इथे एक गोष्ट अनेकांना कळत नाही. उरलेलं स्वादुपिंड ठणठणीत असलं तरी पचन बिघडू शकतं. 'अन्न आलं, रस सोडा' असा निरोप देणारं हार्मोन मुख्यतः ड्युओडिनममधून सुटतं. तोच भाग गेल्यावर निरोप कमजोर होतो, शिवाय नव्या जोडणीमुळे अन्न पुढे सरकतं आणि रस मागून येतो. लोह आणि कॅल्शियम मुख्यतः याच भागात शोषलं जातं, हेही लक्षात असू द्या.

शेपटीकडचा भाग काढला असेल, म्हणजे डिस्टल पॅन्क्रियाटेक्टॉमी, तर बऱ्याचदा प्लीहाही (स्प्लीन) सोबत जाते. इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींची बेटं शेपटीत जास्त दाट असतात, त्यामुळे या पेशंटमध्ये साखरेवर नजर जास्त हवी. संपूर्ण स्वादुपिंड काढलं असेल तर प्रश्न 'किती उरलं' हा नसतोच. इन्सुलिन, ग्लुकागॉन आणि पाचक रस, तिन्ही शून्य. मुतखड्यासारखे खडे असलेल्या जुन्या पॅन्क्रियाटायटिससाठी (स्वादुपिंडाच्या दीर्घ सुजेसाठी) नळी उघडून जोडण्याची ऑपरेशनं होतात. त्यांत थोडंच काढलेलं असतं, पण ग्रंथी आधीपासूनच आजारी असते.

दुसरा कागद ऑपरेशनच्या आधीच्या तपासण्यांचा. उपाशीपोटीची साखर, एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज), हिमोग्लोबिन, अल्ब्युमिन (रक्तातलं मुख्य प्रथिन), आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा) आणि झालं असेल तर व्हिटॅमिन डी. ऑपरेशन अजून व्हायचं असेल तर हे सगळं आणि एक सी-पेप्टाइड (ग्रंथी स्वतः किती इन्सुलिन बनवते ते सांगणारी तपासणी) आत्ताच करून घ्या, असं डॉक्टरांना सुचवा. पुढची सगळी तुलना याच आकड्यांशी होणार असते.

पायरी २: हॉस्पिटलमधल्या दिवसांचे आकडे

या काळात अमायलेजला खरं महत्त्व असतं, पण रक्तापेक्षा जास्त, ऑपरेशनवेळी पोटात ठेवलेल्या निचऱ्याच्या नळीतून (ड्रेन) येणाऱ्या पाण्यातल्या अमायलेजला. तिसऱ्या दिवशी किंवा त्यानंतर नळीतल्या पाण्याचं अमायलेज रक्ताच्या नॉर्मल वरच्या मर्यादेच्या तिपटीहून जास्त आलं, तर जोडणीतून रस झिरपतोय असं समजतात. लॅबची वरची मर्यादा १०० असेल तर ३०० च्या पुढचा आकडा. २०१६ च्या आंतरराष्ट्रीय व्याख्येनुसार, केवळ आकडा वाढलाय आणि पेशंट बरा आहे, तर त्याला फिस्टुला (उपचार लागणारी गळती) म्हणत नाहीत. त्यापायी उपचार बदलावे लागले, नळी जास्त दिवस ठेवावी लागली, ताप आला, तरच तो शब्द येतो. म्हणून नळीचा आकडा हजारांत ऐकून घाबरण्याआधी सर्जनना विचारा: 'यामुळे उपचारात काही बदललंय का?'

रक्तातलं अमायलेज पहिल्या ४८ तासांत आणि त्यापुढेही चढलेलं राहिलं तर उरलेल्या स्वादुपिंडाला सूज आल्याची शंका येते. ती सीटी स्कॅन आणि पेशंटची अवस्था बघून पक्की करतात. सीआरपी (शरीरातली सूज दाखवणारा आकडा) साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असतं आणि मग उतरायला हवं. उतरता उतरता पुन्हा चढलं तर आत कुठेतरी संसर्ग किंवा गळती शोधतात.

साखरेबद्दल एवढंच की, ऑपरेशनच्या ताणामुळे, सलाइनमधल्या ग्लुकोजमुळे, काही औषधांमुळे ती या दिवसांत वाढते. आयसीयूत ती सहसा १४० ते १८० च्या दरम्यान ठेवतात. यावरून कायमचा मधुमेह झाला असं ठरवू नका. ते ठरवायला अजून वेळ आहे.

पायरी ३: साखरेची बाजू

घरी आल्यावर पहिलं साधन ग्लुकोमीटर. पहिले काही आठवडे रोज सकाळी उपाशीपोटी आणि जेवणानंतर दोन तासांनी, आलटून पालटून नाश्ता, दुपारचं जेवण, रात्रीचं जेवण. शेजारी काय खाल्लं तेही लिहा. स्वादुपिंडाच्या ऑपरेशननंतरच्या मधुमेहात उपाशीपोटीचा आकडा ठीक आणि जेवणानंतरचा उंच, असं चित्र सुरुवातीला वारंवार दिसतं. फक्त सकाळची साखर बघणाऱ्याला ते कळतच नाही.

मधुमेहाच्या निदानाच्या मर्यादा नेहमीच्याच: उपाशीपोटी १२६ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा जास्त, ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी २०० किंवा जास्त, एचबीएवनसी ६.५ टक्के किंवा जास्त. मात्र व्हिपलनंतर ग्लुकोज पिऊन करायची तपासणी जपून वाचा. जठराचा भाग किंवा झडप गेली असेल तर तो गोड द्रव एकदम आतड्यात उतरतो, साखर झपकन चढते आणि दोन-तीन तासांत उलट खाली येऊन घाम, थरथर सुरू होते. हे डम्पिंग असू शकतं. अशा पेशंटमध्ये नेहमीच्या जेवणाआधीची आणि नंतरची साखर, किंवा दंडावर लावायचा साखर मोजणारा सेन्सर, जास्त खरं सांगतो.

एचबीएवनसी लोकांना फार विश्वासू वाटतं. पण ते तांबड्या पेशींवर चिकटलेल्या साखरेचं मोजमाप आहे आणि तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. पेशींचं आयुष्य बदललं की आकडाही बदलतो. ऑपरेशनमध्ये रक्तस्राव झाला, रक्त चढवलं, तर नव्या किंवा दुसऱ्याच्या पेशी मिसळतात आणि आकडा बहुधा खोटा कमी येतो. म्हणून पहिले तीन महिने त्यावर भिस्त नको. प्लीहा काढली असेल तर उलटं होतं. म्हाताऱ्या पेशी गाळण्याचं काम प्लीहेचं. ती गेल्यावर पेशी जास्त दिवस फिरत राहतात, साखर जास्त चिकटते आणि एचबीएवनसी प्रत्यक्षापेक्षा वर दिसू शकतं. लोहाच्या कमतरतेतही ते खोटं वर जातं, आणि व्हिपलनंतर लोहाची कमतरता नेहमीचीच. विदर्भात आणि नंदुरबार-धुळ्याच्या पट्ट्यात सिकलसेल (तांबड्या पेशींचा आनुवंशिक आजार) बऱ्याच घरांत आहे. तिथे पेशी लवकर फुटतात, आकडा खाली येतो, काही यंत्रं तर सिकल हिमोग्लोबिनमुळे गोंधळतातच. ग्लुकोमीटरची वही एक सांगते आणि एचबीएवनसी दुसरंच, असं झालं तर वहीवर विश्वास ठेवा. पर्याय म्हणून फ्रुक्टोसामिन करता येतं, ते मागच्या दोन-तीन आठवड्यांचं सांगतं. पण अल्ब्युमिन फार कमी असेल तर तेही खोटं कमी येतं.

आता सी-पेप्टाइड. शरीर इन्सुलिन बनवतं तेव्हा एका मोठ्या रेणूचे तुकडे होतात: एक इन्सुलिन, एक सी-पेप्टाइड, दोन्ही सारख्याच संख्येने. टोचायच्या इन्सुलिनमध्ये सी-पेप्टाइड नसतं. त्यामुळे पेशंट इन्सुलिन घेत असला तरी त्याची स्वतःची ग्रंथी किती बनवते, हे यातून कळतं. ऑपरेशननंतर इन्सुलिन-साठा मोजायला रक्तातली सर्वांत उपयोगी तपासणी हीच, असं माझं ठाम मत आहे.

पण ती एकटी करू नका. त्याच सुईने, त्याच वेळी साखरही काढलीच पाहिजे. समजा दोन पेशंट आहेत आणि दोघांचं सी-पेप्टाइड ०.५ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर आलंय. पहिल्याची त्या क्षणीची साखर ५८ आहे. साखर एवढी खाली असताना निरोगी ग्रंथीनेही इन्सुलिन बंदच करायला हवं, तेव्हा हा आकडा बिघाड दाखवत नाही. दुसऱ्याची साखर २१० आहे. इथे ग्रंथीने पूर्ण जोर लावायला हवा होता, तरी ०.५ च निघालं. हा साठा संपत आल्याचा पुरावा. रिपोर्टवर दोघांच्याही आकड्यापुढे 'कमी' असंच छापून येईल. म्हणून लॅबच्या खिडकीवरच सांगा, 'सी-पेप्टाइडसोबत साखर हवी', आणि साखर ७० च्या खाली असेल तर तपासणी पुढे ढकला.

मधुमेह असलेल्यांमध्ये जेवणानंतरचं सी-पेप्टाइड ०.६ च्या खाली म्हणजे इन्सुलिनची तीव्र कमतरता, १.८ च्या वर म्हणजे स्वतःचं इन्सुलिन अजून बऱ्यापैकी आहे, मधलं संदिग्ध, असा ठोकताळा वापरतात. काही लॅब आकडा नॅनोमोलमध्ये देतात. ०.६ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर म्हणजे साधारण ०.२ नॅनोमोल प्रति लिटर. सी-पेप्टाइड मूत्रपिंडातून बाहेर जातं, तेव्हा क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या कामाचा आकडा) वाढलेलं असेल तर आकडा फसवा जास्त येतो. सोबत क्रिएटिनिन असू द्या.

इथे केस गळण्याच्या गोळ्यांबद्दल मुद्दाम सांगायला हवं. मोठ्या ऑपरेशननंतर केस गळतात, मेडिकलमधून बायोटिनच्या गोळ्या आणल्या जातात आणि डॉक्टरांना कोणी सांगत नाही. बऱ्याच लॅबच्या यंत्रांत बायोटिनवर आधारलेलं तंत्र असतं. रक्तात बायोटिन भरपूर असलं की त्या यंत्रांवर सी-पेप्टाइड खोटं कमी आणि व्हिटॅमिन डी खोटं जास्त येऊ शकतं. साठा आहे तरी नाही दिसतो, कमतरता आहे तरी झाकली जाते. तपासणीआधी किमान दोन-तीन दिवस बायोटिन बंद ठेवा, डोस मोठा असेल तर आणखी आधीपासून, आणि लॅबला सांगा.

ऑपरेशननंतर मधुमेह झाला की तो सरसकट टाइप टू म्हणून फाइलवर लिहिला जातो. स्वादुपिंडाच्या आजारामुळे किंवा ऑपरेशनमुळे होणाऱ्या मधुमेहाला टाइप थ्री-सी म्हणतात. शंका असेल तर टाइप वनची प्रतिपिंडं (शरीराने स्वतःच्याच पेशींविरुद्ध बनवलेली), विशेषतः गॅड, एकदा बघतात. थ्री-सी मध्ये ती सहसा नसतात. फाइलवर हे नाव नीट असण्याचा उपयोग असा की, पुढे दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलात तरी पचनाच्या एन्झाइमचा विषय सुटत नाही आणि वजन आणखी उतरवणारी मधुमेहाची औषधं देताना ते दोनदा विचार करतात.

ग्लुकागॉनची तपासणी मिळते, पण रोजच्या उपचारात तिने फार काही बदलत नाही. संपूर्ण स्वादुपिंड काढलेल्यांमध्ये ते नसणार हे गृहीतच धरायचं: साखर खाली गेली की ती वर ओढणारा गडीच नाही, म्हणून कमी साखरेचे झटके जोरात येतात. तिथे पैसे या तपासणीऐवजी सेन्सरवर घालवलेले बरे.

पायरी ४: पचनाची बाजू

रक्ताआधी संडासकडे बघावं लागतं. मल फिकट, तेलकट, उग्र वासाचा, पाण्यावर तरंगणारा, दोनदा फ्लश करूनही भांड्याला चिकटणारा आहे का? जेवणानंतर पोट फुगतं, गुरगुरतं का? भरपूर खाऊनही वजन उतरतंय का? बरेच पेशंट संकोचून हे सांगत नाहीत, किंवा चरबी बाधते म्हणून आपणच तूप-तेल बंद करतात. मग मल सुधारतो आणि रोग लपतो, पण शरीर उपाशी राहतं.

रक्तात एक तपासणी थेट स्वादुपिंडाच्या पाचक पेशींबद्दल बोलते: ट्रिप्सिनोजेन, एका पाचक एन्झाइमचं कच्चं रूप. ते २० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या खाली असेल तर पाचक पेशी बऱ्याच गेल्या आहेत, असं समजतात. दोन अडचणी: सौम्य कमतरता यात सुटते, आणि ती साध्या लॅबमध्ये होत नाही. तिसरी व्हिपलच्या पेशंटची: पेशी आहेत, पण रस आणि अन्न वेळेवर भेटत नाहीत, हे ट्रिप्सिनोजेनला कळणार कसं?

मलातलं इलॅस्टेज (स्वादुपिंडाचंच एक एन्झाइम) ही रक्ताची तपासणी नाही, पण तिला वगळून हा विषय पुरा होत नाही. २०० मायक्रोग्रॅम प्रति ग्रॅमच्या खाली कमी, १०० च्या खाली फार कमी. नमुना बांधीव मलाचा हवा, पाण्यासारख्या जुलाबात आकडा खोटा उतरतो. एन्झाइमच्या कॅप्सूल (कमी पडलेली पाचक एन्झाइम्स बाहेरून देणाऱ्या) चालू असल्या तरी माणसाचंच इलॅस्टेज ओळखणाऱ्या तपासणीत त्या आड येत नाहीत, कारण त्या डुकराच्या स्वादुपिंडापासून बनलेल्या असतात. (शाकाहारी घरांत आणि मुस्लिम घरांत हे डॉक्टरांशी आधीच मोकळेपणाने बोला. मागाहून कळून औषध गुपचूप बंद करण्यापेक्षा ते बरं.) व्हिपलनंतर मात्र इलॅस्टेजवरही पूर्ण भरवसा नको, कारण मिसळण्याचा दोष त्यातही दिसत नाही. लक्षणं आणि पोषणाचे आकडे दोन्ही बिघडलेले असतील, तर इलॅस्टेज ठीक आलं तरी डॉक्टर कॅप्सूल सुरू करतात, आणि ते बरोबरच आहे.

प्रौढांमध्ये मुख्य जेवणाला सहसा ४० ते ५० हजार युनिट आणि मधल्या खाण्याला त्याच्या निम्मे, अशी सुरुवात करतात. कॅप्सूल जेवणाआधी अर्धा तास नाही, जेवण उरकल्यावरही नाही. पहिल्या घासाबरोबर एक आणि जास्त असतील तर बाकीच्या वरण-भाताच्या मध्यावर. पेलाभर दूध, चिवडा, शेंगदाण्याचा लाडू यांनाही लागते, कोऱ्या चहाला नाही. कॅप्सूल सुरू झाल्यावर चरबी कमी करायची गरज सहसा नसते.

एक गोष्ट आधीच माहीत असावी. कॅप्सूल लागू पडली की अन्न अंगी लागतं, आणि मग साखर वाढते. घरचे म्हणतात, 'या गोळ्यांनी शुगर वाढली,' आणि गोळ्या बंद करतात. असं करू नका. अन्न पोटातून रक्तात पोहोचायला लागलं, त्याचीच ही खूण. वाढवायचं ते इन्सुलिन, डॉक्टरांना विचारून.

पायरी ५: पोषणाचे आकडे

पचनाची खरी कहाणी रक्तात इथे दिसते. चरबीसोबत शोषली जाणारी चार जीवनसत्त्वं, ए, डी, ई आणि के, चरबी मलात गेली की तिच्याबरोबर जातात.

व्हिटॅमिन डी २० नॅनोग्रॅमच्या खाली म्हणजे कमतरता. पण आपल्याकडे निरोगी माणसांतही ते इतकं सर्रास कमी असतं की, एकटं डी कमी म्हणून स्वादुपिंडावर बोट ठेवता येत नाही. सोबत ए किंवा ई कमी असेल तर संशय पक्का होतो. आठवड्याची ६० हजारांची पुडी घेऊनही डी वाढत नसेल तर आधी विचारा: ती मोठ्या जेवणाबरोबर आणि एन्झाइमच्या कॅप्सूलसोबत घेताय का?

व्हिटॅमिन ए २० मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली गेलं की कमतरता धरतात. संध्याकाळी अंधाऱ्या जिन्यावर पायऱ्या नीट दिसत नाहीत, अशी तक्रार असेल तर हे लगेच करा. सूज किंवा संसर्ग असताना, तसंच झिंक कमी असताना ते खोटं कमी दिसतं. सांगितल्याशिवाय ए च्या मोठ्या मात्रा घेऊ नका, ते शरीरात साठतं आणि यकृताला बाधतं. व्हिटॅमिन ई चा आकडा कोलेस्टेरॉलसोबत वाचतात, कारण रक्तात ते चरबीच्या कणांवर बसूनच फिरतं. कोलेस्टेरॉल खूप कमी असेल तर ई ही कमी दिसेल. ए आणि ई चा नमुना उजेडात खराब होतो, नळी काळ्या कागदात किंवा फॉइलमध्ये जायला हवी.

व्हिटॅमिन के थेट मोजायची गरज सहसा पडत नाही, आयएनआर पुरतो. तो वाढलेला असेल आणि के च्या इंजेक्शनने एक-दोन दिवसांत सुधारला, तर कमतरता होती. सुधारला नाही तर यकृताकडे बघायचं. वॉर्फरिनसारखं रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर हा हिशेब लागू नाही.

मॅग्नेशियम स्वस्त आहे आणि फार दुर्लक्षित आहे. जुन्या पॅन्क्रियाटायटिसच्या रुग्णांमध्ये २.०५ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खालच्या मॅग्नेशियमचा एन्झाइमच्या कमतरतेशी संबंध आढळला आहे. हा आकडा बहुतेक लॅबच्या नॉर्मलमध्येच बसतो! म्हणजे १.८ वर कुणी लाल खूण करणार नाही, पण तेलकट मल आणि उतरतं वजन सोबत असेल तर तो आकडा बोलतो आहे. व्हिपलनंतर दिल्या जाणाऱ्या आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या दीर्घकाळ चालल्या तरी मॅग्नेशियम उतरतं, तेही तपासा.

अल्ब्युमिनचं आयुष्य सुमारे २० दिवसांचं, प्रीअल्ब्युमिनचं दोन-तीन दिवसांचं. नुकताच आहार सुधारला असेल तर आधी प्रीअल्ब्युमिन हलतं. पण संसर्ग असताना दोन्ही खाली जातात, त्यामुळे सीआरपी शेजारी असल्याशिवाय त्यांवरून कुपोषण ठरवू नका. फेरिटिनचं (शरीरातल्या लोहसाठ्याचा आकडा) याच्या उलट: सुजेत ते चढतं आणि लोहाची कमतरता झाकतं.

बी-१२ दोन कारणांनी उतरतं. अन्नातल्या बी-१२ ला ज्या प्रथिनाने पकडून ठेवलेलं असतं, ते तोडायला स्वादुपिंडाचंच एन्झाइम लागतं. आणि मेटफॉर्मिन चालू असेल तर त्यानेही बी-१२ घटतं. हातापायांना मुंग्या येत असतील तर सगळा दोष मधुमेहावर टाकू नका. झिंक कमी असलं की चव जाते, केस गळतात. बायोटिन घेण्याआधी झिंक आणि फेरिटिन बघितलेलं केव्हाही चांगलं.

पायरी ६: वेळापत्रक आणि नमुना

चार ते सहा आठवड्यांनी हिमोग्राम, अल्ब्युमिन, मॅग्नेशियम, यकृताच्या तपासण्या, आयएनआर आणि साखरेची वही. तीन महिन्यांनी पहिलं भरवशाचं एचबीएवनसी, साखर वाढलेली असेल तर सी-पेप्टाइड, आणि ए, डी, ई, बी-१२, फेरिटिन, झिंक. सहा महिन्यांनी जे बिघडलं होतं तेवढंच पुन्हा. वर्षाने सगळं, पुढे दरवर्षी. मधुमेह झालेला नसला तरी एचबीएवनसी किंवा उपाशीपोटीची साखर दरवर्षी चालूच ठेवा, कारण तो काही वर्षांनीही उद्भवतो. डी आणि कॅल्शियमचा प्रश्न रेंगाळला तर हाडांची घनता.

परळला टाटा मेमोरियलमध्ये ऑपरेशन आणि पुढच्या तपासण्या बीड, रत्नागिरी किंवा चंद्रपूरला, असं कित्येकांचं असतं. गावी एकच लॅब धरा, कारण यंत्र बदललं की आकडेही थोडे बदलतात. तालुक्याच्या कलेक्शन सेंटरवरून रक्त शहरात जात असेल तर साखरेचा नमुना फ्लुओराइडच्या, करड्या झाकणाच्या नळीतच घ्यायला लावा. साध्या नळीत रक्तपेशी साखर खात राहतात आणि ती तासाला सुमारे ५ ते ७ टक्के उतरते. एका वहीत तारीख, वजन, इन्सुलिन, कॅप्सूलची संख्या आणि आकडे ओळीने लिहा. डॉक्टर सुट्या वीस कागदांपेक्षा ही वही आधी उघडतील.

पायरी ७: हे आकडे स्वादुपिंडाच्या कामाचे नाहीत, पण फाइलमध्ये दिसतील

सीए १९-९ हा कॅन्सरच्या पाठपुराव्याचा मार्कर आहे, मर्यादा ३७ युनिट. काविळीत, पित्तनळी अडली की किंवा पित्ताच्या संसर्गात तो कॅन्सर नसतानाही चढतो. ५ ते १० टक्के लोकांच्या शरीरात तो जन्मतःच बनत नाही, त्यांच्यात तो नॉर्मल असण्याला काहीच अर्थ नाही. एकट्या वाढलेल्या आकड्यावर रात्रभर जागू नका. बिलिरुबिन बघा, काही आठवड्यांनी पुन्हा करा, दिशा बघा. न्यूरोएंडोक्राइन गाठीसाठी (हार्मोन बनवणाऱ्या पेशींची गाठ) क्रोमोग्रॅनिन ए करत असतील तर आम्ल कमी करणाऱ्या गोळ्यांनी तो खोटा वाढतो, हे आधी सांगा.

यकृताच्या तपासण्यांतले अल्कलाइन फॉस्फटेज आणि जीजीटी हळूहळू चढत असतील तर पित्तनळीची जोडणी अरुंद होत असेल. एएलटी चढलं आणि सोनोग्राफीत यकृतात चरबी दिसली, तर पेशंट बारीक असूनही असं कसं, असा प्रश्न पडतो. व्हिपलनंतर अपुऱ्या पचनामुळेही यकृतात चरबी साठते, तेव्हा कॅप्सूलचा डोस आधी तपासा. प्लीहा काढलेल्यांत प्लेटलेट चार-पाच लाखांच्याही बऱ्याच वर जातात. ते अपेक्षित आहे, १० लाख ओलांडल्या तर डॉक्टरांना दाखवा.

ज्या गोष्टी पुढच्या अपॉइंटमेंटपर्यंत थांबत नाहीत

साखर ५४ च्या खाली गेली, किंवा पेशंट कमी साखरेने गोंधळल्यासारखा बोलू लागला. गिळता येत असेल तर ग्लुकोज किंवा साखरपाणी, येत नसेल तर तोंडात काही न घालता सरळ हॉस्पिटल. साखर ३०० च्या वर आणि सोबत उलट्या, धाप. संपूर्ण स्वादुपिंड काढलेल्या पेशंटने जेवण गेलं नाही म्हणून दीर्घ परिणामाचं इन्सुलिन बंद केलं असेल तर हे काही तासांत होतं. आयएनआर वाढलेला आणि हिरड्यांतून किंवा लघवीतून रक्त. व्हिपलनंतर थंडी वाजून ताप आणि डोळे पिवळे.

आणि प्लीहा नसलेल्या माणसाला आलेला कुठलाही ताप. घरी पॅरासिटामॉल देऊन सकाळपर्यंत वाट बघू नका, त्याच रात्री दाखवा आणि दारातच सांगा की प्लीहा काढलेली आहे. न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस आणि हिमोफिलस इन्फ्लुएन्झा बी यांच्या लसी ऑपरेशनच्या किमान दोन आठवडे आधी किंवा दोन आठवड्यांनंतर दिल्या होत्या का, ते डिस्चार्ज कार्डवर आजच बघा. नोंद नसेल तर उद्या फोन करून विचारा.